नागाचं विष आणि मुंगसाचं कुलूप

सातपुड्यात रात्री हिंडणारा, पुढून उंच आणि मागून खुजा, हाडं कडाकडा फोडून खाणारा तरस आणि शहादा-तळोद्याकडच्या बांधावरून भरदिवसा पोट जमिनीला टेकवत पळणारं मुंगूस हे एकमेकांचे भाऊबंद आहेत. दोघांना शेजारी उभं केलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण नातं पक्कं आहे. मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एक कुत्र्याच्या बाजूची, दुसरी मांजराच्या बाजूची. कुत्र्याच्या बाजूला लांडगा, कोल्हा, अस्वल, पाणमांजर आणि थेट समुद्रातले सील येतात. मांजराच्या बाजूला वाघ-बिबट्या, उदमांजर, तरस आणि आपलं मुंगूस. कानाजवळ कवटीला एक पोकळ हाडाचा फुगवटा असतो. मांजराच्या शाखेत त्या फुगवट्याचे आतून दोन कप्पे झालेले असतात. जुन्या पुस्तकांत मुंगसाला उदमांजराच्याच कुळात टाकलेलं असे. पुढे डीएनए तपासले गेले, तेव्हा कळलं की ते तरसाला अधिक जवळचं आहे.

मग ते दिसतं कुणासारखं? युरोपातल्या किंवा हिमालयातल्या माणसाला विचारलं तर तो बेधडक सांगेल, वीझलसारखं. वीझल म्हणजे लांब, सडपातळ अंगाचा, आखूड पायांचा, चपट्या डोक्याचा छोटा शिकारी. त्याच्या सर्वांत लहान जातीतल्या काही माद्या ५० ग्रॅमच्याही आत भरतात. जगातला सर्वांत लहान मांसाहारी गणातला प्राणी तोच. भारतात वीझलच्या काही जाती आहेत, पण त्या हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत. महाराष्ट्रात एकही नाही. त्याच्या कुळातले इथले रहिवासी म्हणजे नदीतलं पाणमांजर आणि जंगलातलं चांदी अस्वल, ज्याला बरेच जण हिंदीतल्या बिज्जू या नावानंही ओळखतात.

आणि तरी वीझलची अंगकाठी नंदुरबारच्या शिवाराशिवारात हजर आहे. तीच लांब पाठ, तेच आखूड पाय, तेच टोकदार तोंड. कुत्र्याच्या शाखेनं थंड प्रदेशात जो देह घडवला, तोच मांजराच्या शाखेनं उष्ण प्रदेशात घडवला, आणि दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. कारण काम एकच होतं. उंदीर, घूस, सरडा बिळात शिरला की त्याच्यामागे जाता आलं पाहिजे. जाड्या शिकाऱ्याला बिळाच्या तोंडाशी थांबावं लागतं. या दोघांना तसं थांबावं लागत नाही. अशा बारीक, लांब अंगाची एक किंमतही असते. शरीरातली ऊब भराभर निघून जाते. बर्फात राहणाऱ्या वीझलला म्हणून रोज स्वतःच्या वजनाच्या किमान तिसऱ्या हिश्शाइतकं खावं लागतं, नाहीतर तो जगत नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात राहणाऱ्या मुंगसाला ही धास्ती नाही. त्यामुळे त्याला अंगानं मोठं होणं परवडलं आणि दुपारी झाडाखाली पडून राहणंही परवडलं.

नंदुरबारला निसर्गअभ्यासकांच्या नकाशावर आणलं ते रानपिंगळा या घुबडानं. १८८४ साली खानदेशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याचा नमुना गोळा केला. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं या पक्ष्याची एकही खात्रीची नोंद नव्हती. १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकी अभ्यासक पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. रानपिंगळ्यासाठी जगभरातून माणसं इथे आली, येतात, आणि ते योग्यच आहे. मुंगूस मात्र कधी हरवलंच नाही, म्हणून त्याला शोधायलाही कुणी आलं नाही. माझ्या मते या जिल्ह्यातला सर्वांत कमी बघितला गेलेला प्राणी हाच असावा. दिसतो सगळ्यांना, पण निरखून बघत कुणी नाही.

तो राहतो तरी कुठे? दाट जंगलाचं त्याला फारसं आकर्षण नाही. झुडपी रान, खडकाळ नाल्याचे काठ, शेताचे बांध, निवडुंगाची कुंपणं, जुनी वारुळं, रस्त्याखालच्या मोऱ्या, पडकी घरं, गावाला लागून असलेले उकिरडे अशा जागा त्याला मानवतात. नंदुरबारचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला नर्मदा आणि सातपुड्याच्या रांगा, त्यात अक्राणी आणि अक्कलकुवा. मधोमध तापीचं काळ्या मातीचं खोरं, केळी, पपई, ऊस, कापूस. नैऋत्येला नवापूरचा डोंगराळ भाग. डोंगर उतरून शेतीला मिळतो ती सगळी कड, जिथे अर्धी जमीन नांगरलेली आणि अर्धी झुडपांनी भरलेली असते, ती मुंगसाची. माणसानं जंगल तोडून शेत केलं तेव्हा बहुतेक वन्य प्राण्यांची जागा गेली. मुंगसाची मात्र वाढली. जिथे धान्य तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे हे.

ते शोधायचं असेल तर आधी कान द्या. सातभाईंचा थवा एखाद्या झुडपाभोवती जमून एकदम कालवा करायला लागला, त्यात बुलबुल आणि कोतवाल सामील झाले, की खाली एक तर साप असतो नाहीतर मुंगूस. पक्षी फांद्याफांद्यांवरून खाली वाकून ओरडतात आणि जसजसा तो प्राणी सरकतो तसतसा कालवाही सरकत जातो. थोडा वेळ स्थिर उभं राहिलं तर गवत हलतं, मग एक टोकदार नाक बाहेर येतं, मग सगळं अंग. मोकळ्या जागेत आल्यावर ते हमखास थांबतं. मागच्या दोन पायांवर उभं राहतं, पुढचे पाय छातीशी लोंबते ठेवतं आणि डावीकडे-उजवीकडे बघतं. तेवढ्या काही क्षणांत जे बघायचं ते बघून घ्यावं लागतं.

बघण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्याकडच्या सर्वसामान्य राखी मुंगसाचं अंग साधारण ३६ ते ४५ सेंटीमीटर लांब असतं आणि शेपूट जवळजवळ तेवढंच. वजन एक ते पावणेदोन किलोच्या दरम्यान. मादी नरापेक्षा लहान. रंग लांबून राखाडी वाटतो, पण त्याच्या अंगावर राखाडी केस शोधून सापडत नाही. गळून पडलेला एखादा केस उजेडासमोर धरला की दिसतं ते असं: थोडा भाग पांढुरका, मग काळपट, पुन्हा पांढुरका, पुन्हा काळपट. असे कडीकडीनं रंगलेले हजारो केस एकमेकांवर पडतात आणि लांबून त्यांचा राखी रंग होतो. वाळलेल्या गवतात, मुरमाड जमिनीवर, सावली आणि उन्हाच्या ठिपक्यांत हा रंग इतका मिसळतो की दहा पावलांवरचं मुंगूस न हललं तर दिसत नाही. केस राठ आणि लांब असतात. हा राठपणा पुढे नागाच्या लढाईत कामाला येतो आणि, दुर्दैवानं, त्याच्या जिवावरही उठतो.

डोळा जवळून बघायला मिळणं कठीण, पण एखाद्या चांगल्या छायाचित्रात निरखून बघा. मांजराची बाहुली उजेडात उभी चीर होते. मुंगसाची आडवी होते, शेळीची असते तशीच. जमिनीलगत डोकं ठेवून चालणाऱ्या प्राण्याला समोर पसरलेलं रान एका नजरेत बघण्यासाठी आडवी बाहुली सोयीची. शिवाय ते दिवसा हिंडणारं आहे. तरसाच्या नात्यातलं असूनही त्यानं रात्र सोडून दिवस घेतला. शेपटीचं टोकही बघून ठेवा. टोक फिकट, पिवळसर-पांढरं असेल तर ते राखी मुंगूस. टोक काळं आणि चालताना वर वळलेलं असेल तर ते तांबूस मुंगूस, मध्य आणि दक्षिण भारताच्या डोंगराळ जंगलांत राहणारी वेगळी जात. तोरणमाळच्या घाटात किंवा अक्राणीच्या रानात फिरणाऱ्यांनी ही एक खूण लक्षात ठेवली तर दोन्ही जाती चटकन ओळखता येतील.

खाण्याच्या बाबतीत मुंगूस कशालाही नाही म्हणत नाही. उंदीर, घूस, सरडे, पाली, बेडूक, विंचू, नाकतोडे, शेणातले किडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं, मेलेलं जनावर, पडलेली फळं, कंद. चंबळच्या काठावर ते घडियाल सुसरीची अंडीही उकरून खातं. आफ्रिकेतलं पट्टेरी मुंगूस अंडं पुढच्या पायांत धरतं, पाठ दगडाकडे करतं आणि मागच्या दोन पायांमधून ते अंडं मागे फेकून फोडतं. इतक्या खाण्यात सापाचा वाटा थोडाच असतो. सापाशी लढाई ही त्याची ओळख झाली, पण त्याचं रोजचं पोट किड्या-उंदरांवर भरतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. एक मुंगूस बांधावर राहिलं की त्या बांधातल्या उंदरांना चैन नसते.

पाड्यावरच्या बायकांची तक्रार मात्र खरी आहे आणि ती ऐकायला हवी. गावठी कोंबडी पिल्लं घेऊन अंगणात चरत असते आणि दुपारच्या सुमाराला, माणसं शेतात असताना, मुंगूस येऊन पिल्लू उचलून नेतं. कोंबड्या रात्री खुराड्यात कोंडल्या तरी उपयोग नाही, कारण चोर दिवसाचा आहे. पिल्लं मोठी होईपर्यंत ती दिवसाही डालग्याखाली ठेवणं हाच त्यावरचा साधा उपाय, आणि पुष्कळ घरांत तो होतोही.

वर्षातून दोन-तीनदा मादीला पिल्लं होऊ शकतात. साधारण ६० ते ६५ दिवसांनी दोन ते चार पिल्लं बिळात जन्मतात. धोका वाटला तर आई एकेका पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या बिळात हलवते. पिल्लं बाहेर पडायला लागली की आईमागे ओळीनं चालतात. आपल्याकडे मुंगूस आडवं जाणं शुभ मानतात. लहान मुलं तर पळणाऱ्या मुंगसाला रामाची शपथ घालतात आणि तोंड दाखवायला सांगतात. ते खरोखरच थांबून मागे वळून बघतं, कारण धोका किती दूर आहे हे तपासण्याची त्याची सवयच आहे. शपथ घालणाऱ्या मुलांनी पिढ्यानपिढ्या एक अचूक निरीक्षण जपलं आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता नागाकडे येऊ. नाग फणा काढून उभा राहतो तेव्हा त्याचा वार वरून खाली, पुढच्या दिशेनं येतो, आणि त्याचा पल्ला ठरलेला असतो. मुंगूस त्या पल्ल्याच्या कडेवर नाचतं. पुढे येतं, नाग झेप घेतो, ते मागे सरतं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. या वेळी त्यानं अंगावरचे सगळे केस ताठ उभे केलेले असतात, त्यामुळे ते दुप्पट फुगलेलं दिसतं. नागाचा दंश बऱ्याचदा या राठ केसांतच अडकतो, कातडीपर्यंत पोचत नाही. नाग थकतो. फणा थोडा खाली येतो, वार मंद होतात. त्या क्षणी मुंगूस डोक्यावर किंवा मानेवर चावा घेतं आणि कवटी चिरडतं. चपळाई आहेच, पण समोरच्याला दमवण्याची चिकाटी त्याहून मोठी आहे.

आणि दंश बसलाच तर? गावोगाव समजूत आहे की मुंगूस पळत जाऊन कसलीशी मुळी खातं आणि विष उतरवतं. ते मुळी खात नाही. त्याचं औषध त्याच्या स्नायूंत जन्मापासून आहे.

आपण हात हलवतो तेव्हा मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूच्या पृष्ठभागावरच्या एका ठरलेल्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. रसायन ही किल्ली आणि प्रथिन हे कुलूप. किल्ली लागली की स्नायू आकुंचन पावतो. नागाच्या आणि मण्यारीच्या विषातली काही द्रव्यं नेमकी या कुलपात जाऊन बसतात आणि हलत नाहीत. खरी किल्ली बाहेरच राहते. स्नायू एकामागून एक लुळे पडतात, पापण्या मिटतात, शेवटी श्वास चालवणारा छातीखालचा पडदा थांबतो. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या सारा फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मुंगसाचं हे कुलूप तपासलं. विष ज्या जागी बसतं तिथले मोजकेच घटक बदललेले होते. त्यातला एक बदल असा की त्या जागी साखरेच्या रेणूंची एक साखळी येऊन चिकटते. ती विषाच्या आड येते. विष बसू शकत नाही, आणि शरीराची स्वतःची छोटी किल्ली मात्र आरामात आत जाते.

खरा अचंबा पुढे आहे. नाग स्वतःच्या विषानं का मरत नाही, याचं उत्तरही हेच निघालं. नागाच्या कुलपावरही साखरेची अशीच साखळी असते, किंचित वेगळ्या जागी. म्हणजे मारणाऱ्यानं आणि खाणाऱ्यानं, सरपटणाऱ्या प्राण्यानं आणि सस्तन प्राण्यानं, एकाच कुलपाला एकाच तऱ्हेचा अडसर लावला. आणि वीझलच्या कुळातलं ते चांदी अस्वल? तेही नाग खातं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्याच्या कुलपातही त्याच जागी बदल आहे. तिथे साखर नाही, पण विषाला दूर लोटणारा विद्युतभार आहे. साळिंदरासारखे काटे असणाऱ्या पण किडे खाणाऱ्या हेजहॉगच्या आणि डुकराच्या बाबतीतही तोच बदल स्वतंत्रपणे झालेला सापडला. वेगवेगळ्या घराण्यांतल्या प्राण्यांनी एकाच प्रश्नाला जवळजवळ एकाच जागी उत्तर शोधलं.

घोणस आणि फुरशाचं विष वेगळ्या वाटेनं, रक्तावर काम करतं. राखी मुंगसाच्या रक्तात रक्तस्राव घडवणाऱ्या विषद्रव्यांना अडवणारी प्रथिनंही जपानमधल्या संशोधकांनी वेगळी काढली आहेत. तरीही मुंगूस अमर नाही. भरपूर विष आत गेलं तर तेही मरतं. आणि माणसाच्या कुलपाला असा कोणताच अडसर नाही, म्हणून मुळी-पाल्यात वेळ घालवू नये. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं दगावली असा अंदाज एका मोठ्या अभ्यासानं मांडला. त्यातली बहुतेक खेड्यातली होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी प्रतिविषाची लस सरकारी रुग्णालयात मिळते. दंश झाला की पहिली धाव तिकडेच घ्यायची.

मुंगसाच्या शौर्याची कीर्ती ऐकून माणसांनी ते जगभर नेलं, आणि तिथे फार वाईट घडलं. १८७२ साली जमैकातल्या एस्प्यूट नावाच्या ऊसमळेवाल्यानं कलकत्त्याहून लहान जातीची नऊ मुंगसं मागवली, उसातले उंदीर मारायला. तिथून ती इतर बेटांवर गेली, १८८३ मध्ये हवाईला. जपाननं १९१० मध्ये ओकिनावात आणि १९७९ मध्ये आमामी ओशिमा बेटावर सोडली, हाबू नावाचा विषारी साप मारण्यासाठी. हाबू रात्रीचा, मुंगूस दिवसाचं. दोघांची गाठच पडेना. मुंगसांनी मग जमिनीवर राहणारे पक्षी आणि जगात फक्त तिथल्या बेटांवर सापडणारे आमामी ससे फस्त करायला सुरुवात केली. कित्येक वर्षं सापळे लावून, शिकवलेले कुत्रे फिरवून, अखेर २०२४ च्या सप्टेंबरात आमामी ओशिमा मुंगूसमुक्त झाल्याचं जपाननं जाहीर केलं. शहाद्याच्या उसातही मुंगूस आहे, पण इथे त्यानं काही उद्ध्वस्त केलेलं नाही. इथले पक्षी, उंदीर, साप त्याच्याबरोबर लाखो वर्षं वाढले आहेत, त्याला ओळखून आहेत. त्यालाही खाणारे इथे आहेत, गरुड, रानमांजर, कोल्हा. दोष प्राण्याचा नव्हता, त्याला उचलून नेणाऱ्यांचा होता.

इथे मात्र धोका त्याच्यावरच आहे. मुंगसाचे ते राठ, टोकाला निमुळते होणारे केस रंग चांगला धरतात आणि आकार सोडत नाहीत, म्हणून चित्रकलेच्या ब्रशांसाठी त्याची शिकार होते. एका प्राण्यापासून वापरण्याजोगे केस मूठभरसुद्धा निघत नाहीत, त्यामुळे ब्रशांच्या एका पेटीमागे किती जीव गेले याचा हिशेब भयंकर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ही शिकार, केसांचा व्यापार आणि असे ब्रश विकणं हा गुन्हा आहे. गारुड्यानं पिंजऱ्यात मुंगूस ठेवून सापाशी झुंज लावणं हाही गुन्हाच. २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावानं देशभर अशा ब्रशांच्या कारखान्यांवर आणि दुकानांवर छापे पडले. मागणी असेपर्यंत मात्र चोरटा माल येतच राहतो.

मुलांच्या चित्रकलेच्या परीक्षेसाठी ब्रश घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला विचारा, केस कशाचे आहेत. राखी-तपकिरी, कडीकडीनं रंगलेले केस दिसले तर ते ब्रश घेऊ नका. नायलॉनचे चांगले ब्रश सगळीकडे मिळतात, आणि चित्रं त्यांनीही उत्तम निघतात.